हिरवं बटन

स्टार्टरचाचांना थांबणं म्हणून जमत नसे. चहा सांगितला आणि यायला जरा उशीर झाला, की ते उठून टपरीवर जाऊन उभ्याउभ्या एक कप पिऊन यायचे, आणि मागाहून आलेला चहाही प्यायचे. माझ्या दुकानात येऊन बसले आणि समोरच्या कॉम्प्युटरवर ते गोल चाक फिरायला लागलं, की त्यांचा पाय हलायला लागायचा. "काय रे दिन्या, इचार करून राह्यला का तुझा कॉम्प्युटर? तवर माझी मोटार अर्धी विहीर उपसून मोकळी होईल!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की गिऱ्हाईकसुद्धा ते पाठ म्हणायला लागलं होतं.

जुन्या जालन्यात आमची दुकानं शेजारीशेजारी होती. मी कॉम्प्युटर जोडून विकायचो आणि चाचा विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचे. भिंतीला टांगलेला लोखंडी डबा, त्याला एक हिरवं बटन आणि एक लाल. धावड्यापासून आष्टीपर्यंतची माणसं तो डबा मोटरसायकलला बांधून त्यांच्याकडे आणायची. चाचा झाकण काढायचे आणि हत्याराला हात लावायच्या आधी नाक आत घालायचे. जळक्या तारेचा वास आला की म्हणायचे, "जळलंय. म्हंजे दुरुस्त होतंय." त्यांच्या हिशेबी बिघाड म्हणजे आत कुठेतरी काहीतरी जळलेलं असणार, आणि ते नाकाला कळणार. त्यात कधी चूक झालेली मी पाहिली नाही.

याच डब्यावरून त्यांनी सगळ्या जगाची पारख ठरवली होती. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. "तिसरं बटन दिसलं की समजायचं, बनवणाऱ्याला सोताचाच भरोसा न्हाई," असं ते माझ्या कीबोर्डकडे बघत म्हणायचे. नव्या मिक्सरपासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळं या एका तराजूत तोलायचे, आणि बहुतेक गोष्टी नापास व्हायच्या.

मग त्यांच्या घरात गेमचा डबा आला. चाचांचा मुलगा सौदीला होता आणि त्याचा मुलगा झैद आजीआजोबांकडे वाढत होता. बापाने पोरासाठी तो पाठवला. टीव्हीखाली ठेवायचा काळा चकचकीत डबा, आणि दोन्ही हातांत धरायचं एक रिमोट. झैदने आजोबांना पहिल्याच दिवशी कसम घातली, की हा उघडायचा नाही. घरातलं घड्याळ, पंखा, इस्त्री, एवढंच काय चाचीचं शिलाई मशीनसुद्धा त्यांनी आतून बघून ठेवलेलं होतं. न उघडलेली ही पहिलीच वस्तू. आणि नेमकी तीच त्यांच्या मनात भरली, कारण ती बटन दाबल्यादाबल्या सुरू व्हायची. त्यांनी एका जुन्या स्टार्टरचा डबा रिकामा करून त्यात साधा स्विच बसवला आणि तो टीव्हीशेजारी भिंतीवर ठोकला. हिरवं दाबलं की टीव्ही आणि गेम, दोन्हींचे दिवे लागायचे.

तेव्हापासून माझा छळ सुरू झाला. त्या डब्यावर नेट चालायचं, क्रिकेटच्या जुन्या मॅच दिसायच्या, कव्वाल्या ऐकू यायच्या, सौदीहून आलेले फोटो अख्ख्या टीव्हीभर दिसायचे. चाचा रोज सकाळी येऊन नवा शोध सांगायचे आणि शेवटी एकच निकाल द्यायचे, "आता घरात कॉम्प्युटर कशाला लागतो? लिहून ठेव दिन्या, हा डबा तुझं दुकान बंद करणार बिलकुल." मी म्हणायचो, "चाचा, त्याच्या रिमोटला डझनभर बटनं आहेत, ती कशी चालतात तुम्हाला?" त्यावर ते म्हणायचे, "ती खेळायची हायेत. चालू करायचं एकच." धावड्याचा एक माणूस मुलीसाठी कॉम्प्युटर घ्यायला आला होता, तर चाचांनी त्याला माझ्यासमोर गेमचा डबा घ्यायला लावला. महिन्याभराने तो तणतणत परत आला, कारण मुलीला शाळेसाठी प्रिंट काढायची होती आणि त्या डब्यातून ती निघेना. चाचा शांतपणे म्हणाले, "मंग प्रिंटसाठी दिन्या हाये की." असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

झैद शिकला आणि नोकरीला पुण्याला गेला. जाताना हा डबा आजोबांना देऊन गेला आणि तिकडे तसलाच दुसरा घेतला, म्हणजे एका डब्यावरून दुसऱ्यावर लिहून निरोप पाठवता येतील. त्याच वर्षी चाचांना लकवा झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. एवढा बोलका माणूस, पण तोंडातून येणारे आवाज चाचीशिवाय कुणाला कळेनात. सगळं समजत होतं, डोक्यात शब्द तयार होते, फक्त बाहेर येत नव्हते. मोबाईल द्यायला गेलो तर थरथरत्या बोटाने एकाच्या जागी तीन अक्षरं उमटायची. चाचांनी तो पलंगावर फेकून दिला.

मग एका संध्याकाळी त्यांनी गेमचं रिमोट मागितलं. मांडीवर उशी, उशीवर रिमोट आणि डाव्या हाताचा अंगठा. टीव्हीवर इंग्रजी अक्षरांची पाटी उघडली, आणि बाण सरकवत ते एकेक अक्षर निवडायला लागले. मोटारींवरच्या पत्र्याच्या पट्ट्या वाचून वाचून ती अक्षरं त्यांना येत होती. या बटनांना दाब लागतो, नुसत्या थरथरण्याने ती दबत नाहीत. कष्ट वाचावेत म्हणून ते निम्मे स्वर गाळायचे, वाचणाऱ्याने आपले भरून घ्यायचे. बऱ्याच वेळाने पडद्यावर माझ्यासाठी एक वाक्य तयार झालं, "दुकान बंद पडलं का न्हाई अजून?" मी हसलो, आणि हसताहसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चाची दारात उभी राहून विचारत होती, "क्या बोले? क्या बोले?"

पुढची दोनेक वर्षं ते असेच बोलले. थांबणं न जमणारा माणूस एकेका अक्षरासाठी थांबायला शिकला. रोज संध्याकाळी झैदचा निरोप आला की डबा टुंग करून वाजायचा. चाचीला वाचता येत नव्हतं, म्हणून दुकान बंद करून घरी जाताना मी डोकवायचो आणि चाचांनी झैदला काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवायचो. खाना खाया क्या, गाडी आहिस्ता चला, हेल्मेट डाल. मधेच झैदच्या लहानपणची एखादी गोष्ट असायची, कधी चाचीच्या हातच्या खिचडीची चेष्टा, मग चाची पदरात तोंड लपवून हसायची. मी रोज जात नव्हतो. न वाचलेलं कितीतरी तसंच पुण्याला जात होतं, आणि चाची म्हणायची, "राहू दे बेटा, त्याच्यातच हाये ना, कधी पण वाचता येईल." मलाही तसंच वाटायचं.

आणि एके दिवशी निरोपाचं पान उघडेना. मॉडेल जुनं झालं म्हणून कंपनीने त्यावरची ही सोय बंद केली होती. तशी सूचना आधी इंग्रजीत येऊन गेलीही असेल, पण लाइट जाणार असल्याच्या सूचनेकडे आपण जेवढं बघतो तेवढंच तिच्याकडे बघितलं गेलं. चाचांनी मला खूण केली, स्क्रू ड्रायव्हर. मी म्हटलं, "चाचा, झैदची कसम आहे." त्यांनी मान हलवली आणि हात पुढेच ठेवला.

मी डबा धरला आणि त्यांनी डाव्या हाताने स्क्रू काढले. झाकण उचललं आणि सवयीने नाक आत घातलं. एकदा, मग परत एकदा. वास नव्हता. काही काळं पडलेलं नव्हतं, काही सुटलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी सांगितलं की इथलं काहीच बिघडलेलं नाही, हे तिकडून बंद केलंय, लांबून. आम्ही डबा परत बंद करून लावला. नेटवर काही शोधायची चौकट अजून उघडत होती. तिच्यात त्यांनी अक्षरं निवडायला घेतली, आणि मला वाटलं, कंपनीला शिवी घालताहेत. पण वाक्य तयार झालं, "मंग माझं बोलणं कुठं हाये?"

ते ना या डब्यात होतं, ना झैदच्या. ते कंपनीच्या मशीनमध्ये होतं, कुठल्या देशात देव जाणे. लोकांच्या मेलेल्या कॉम्प्युटरमधून मी लग्नाचे फोटो काढून दिलेत, पुरात बुडालेल्या डिस्कमधून खतांच्या दुकानाचे हिशेब काढून दिलेत. कॉम्प्युटर कितीही विचार करत बसला तरी त्यातलं आपलं आपल्या घरात असतं, एवढं एकच उत्तर माझ्याकडे कायम होतं, आणि इतक्या वर्षांच्या वादात ते मला एकदाही सुचलं नव्हतं. आता सुचलं, पण चाचांना जिंकून दाखवायची इच्छा उरली नव्हती.

मी एक कॉम्प्युटर टीव्हीला जोडून दिला आणि तेच रिमोट त्याला लावलं. तो सुरू व्हायला लागला, चाक फिरायला लागलं. चाचा बघत राहिले, आणि त्यांचा धड असलेला डावा पायही हलला नाही. ते मला सहन झालं नाही. झैद पुण्याहून आला, त्यानेही समजावलं, पण त्यांनी रिमोट बाजूला सारलं. एकदा हरवलेलं बोलणं पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करायची त्यांना उमेद राहिली नसावी. थंडी सरता सरता ते गेले.

आता माझ्या दुकानात घरासाठी कॉम्प्युटर मागायला कुणी येत नाही. मी कॅमेरे बसवतो, एमआयडीसीतल्या गेटांवर आणि मोंढ्यात. घरातला कॉम्प्युटर जाणार हे चाचांचं म्हणणं खरं ठरलं, फक्त तो गेमच्या डब्याने नाही, मोबाईलने घालवला. हे त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "तेच सांगत होतो ना मी!" ते ऐकायला मिळावं म्हणून मी एकदा नाही, दहादा हरलो असतो.

चाचा गेल्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाचीने मला बोलावलं होतं. म्हणाली, "बेटा, तू मशीनवाला हाये. त्याच्यातलं यांचं सगळं काढून दे. जे वाचलं न्हाई ते पण. थोडं थोडं ऐकत जाईन." मी डबा दुकानात नेऊन आठवडाभर खटपट केली. जे आत नाहीच ते निघणार कुठून? परत नेऊन जागेवर लावला आणि खाली बघत सांगितलं, "चाची, आत काहीच नाही."

चाची उठली. भिंतीवरच्या स्टार्टरपाशी गेली आणि हिरवं बटन दाबलं. टीव्हीचा दिवा लागला, डब्याचा लागला. तिने माझ्याकडे वळून बघितलं.

"चालू तर होऊन राह्यलं, बेटा. मंग काहीच न्हाई कसं म्हणतो?"