सर्वांत काटकसरी घर

सांख्यिकीच्या शेवटच्या वर्षाला मी प्रकल्पासाठी विषय घेतला होता: किराणा घेण्याच्या सवयी आणि खर्च. आमच्या लालबागच्या चाळीतली घरं मी तीन गटांत वाटली. काही रोज कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणारी, काही महिन्याचं सामान एकदम मॉलमधून भरणारी, काही मोबाइलवर मागवणारी. दोन महिने दारोदार फिरून बिलं गोळा केली. मग अनोव्हा नावाची चाचणी लावली. गटागटांतला फरक खरा आहे की नुसता योगायोग, हे त्यातून कळतं. माझा फरक खरा निघाला. रोज घेणं सर्वांत महागात पडत होतं.

मला राहवेना. रविवारी संध्याकाळी गॅलरीत सगळे बसले होते, तिथे लॅपटॉप उघडून मी आलेख दाखवला. नावं नव्हती, पण घरात माणसं किती ते लिहिलं होतं. दोन माणसांचं आणि रोज वाण्याकडे जाणारं घर मजल्यावर एकच, शेजारच्या काकूंचं. त्यांचा ठिपका पार वर.

त्यांच्या मुलाने सगळ्यांसमोरच विचारलं, "आई, आपल्या दोघांना एवढी डाळ, एवढं तेल लागतं?"

काकू म्हणाल्या, "माझो हातच सैल रे."

मी हसले. आणि वर समोरच्या खोलीतल्या वहिनींकडे हात करून म्हटलं, "यांच्याकडून शिका. पाच माणसं, मॉलमधून महिन्याचं भरतात, सर्वांत कमी खर्च!" वहिनी उठून आत गेल्या.

दोन दिवसांनी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "यांची नोकरी जाऊन सहा महिने झाले. आमचं निम्मं सामान काकू आणतात, मुलाला न सांगता. त्यांच्या खर्चातला आमचा वाटा आमच्या नावावर टाक, मग काढ तुझा हिशेब."

घरी येऊन मी अंदाजाने तसं केलं. फरक नाहीसा झाला. वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, एका घराचा आकडा दुसऱ्या घरावर अवलंबून असेल तर ही पद्धत लागू पडत नाही. मला ते पाठ होतं. प्रकल्प द्यायला चार दिवस उरले होते. मी जुनेच आकडे दिले. सरांनी वर्गात कौतुक केलं, आणि मी मान डोलावून ते ऐकून घेतलं.

काकूंच्या मुलाने महिन्याभरात सगळं मोबाइलवर मागवायला सुरुवात केली. मोजून, दोघांपुरतं. वहिनी परळला एका पोळीभाजी केंद्रात सकाळच्या पाळीला जाऊ लागल्या.

मी काकूंची माफी मागायला गेले, तर त्यांनी पोहे पुढे ठेवले. "तुका काय म्हायत होता गो?" म्हणाल्या.

गॅलरीत नव्हतं, पण प्रकल्प दिला तेव्हा मला माहीत होतं. तेवढं सांगायचं धैर्य मात्र झालं नाही. मी पोहे खाल्ले आणि घरी आले.