आईच्या घरावरचे धोंडे

आमच्या गावच्या घरावर पत्रे होते, पण ते धरून ठेवायला बोल्ट नव्हते.

वडील माथाडी. तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहायचे आणि कोपरखैरण्यात गावच्याच सहा-सात जणांबरोबर एका खोलीत राहायचे. आई घाटावर, जुन्नरच्या बाजूला, दोन गुरं आणि भाताची खाचरं सांभाळून. कौलं गळायची, पावसाळाभर आम्ही अंथरुणाच्या मधे पातेली मांडून झोपायचो. मग रबाळ्यात एका कारखान्याची शेड मोडली, तेव्हा वडिलांनी तिचे जुने पत्रे घेतले आणि भाजी उतरवून परत निघालेल्या टेम्पोतून गावी नेले. पत्र्यांना जुन्या बोल्टांची भोकं होती. आईने ती डांबराने बुजवली आणि पत्रा उडू नये म्हणून वर धोंडे ठेवले. आमच्याकडे सगळेच ठेवतात.

सातवीनंतर वडिलांनी वेगळी खोली घेतली आणि मला शिकायला खाली आणलं. मी सिव्हिल इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी लाजत नाही. उलव्याला टॉवरच्या साइटवर नोकरी लागली.

लॉकडाऊनच्या जूनमध्ये चक्रीवादळाचा इशारा आला. साइटवर आम्ही पत्र्याचं कुंपण आणि प्लायवूडच्या थप्प्या दोरखंडाने आवळून बांधल्या. दुपारी सहज आईला फोन केला.

"बये, समिंदर कुठं आन् आपण कुठं? मधी अख्खा घाट हाये," आई हसली.

मलाही तेच वाटलं. वादळ किनाऱ्यावर आपटतं आणि तिथेच संपतं, अशीच माझी समजूत. तरी म्हणाले, "असू दे. पत्र्यावर आणखी चार धोंडे ठेव."

हे मी सांगितलं. वारा छपराला वरून दाबत नाही, खालून उचलतो, हे परीक्षेत आकृती काढून लिहिलेल्या मुलीने.

त्याच दुपारी वादळ घाट चढून आलं. वारा उघड्या पडवीतून आत शिरला आणि पत्रे उचलले गेले. दोन पत्रे शेजारच्या खाचरात सापडले. धोंडे मात्र सरळ खाली आले. त्यातला एक आईच्या उजव्या खांद्यावर पडला. तो मी ठेवायला लावलेल्या चारांतला होता की आधीचा, हे आईने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

ई-पास मिळायला दोन दिवस गेले. वडील आणि मी पोचलो तेव्हा आई हात गळ्यात बांधून गोठ्यात बसली होती. गोठा कौलारू आणि बुटका, तो शाबूत राहिला होता.

"आता उलव्याला चल. मी फ्लॅट भाड्याने घेते," मी म्हणाले.

"मपलं घर सोडून त्या डब्यात? आन् गुरं काय लिफ्टमधी बांधू?"

वडील म्हणाले, "अगं, हात मोडलाय तुझा."

"हात मोडलाय. पाय हायेत ना जाग्याव?"

शेजारचे तात्या, वडिलांचे चुलतभाऊ, पडलेला पत्रा ओढत आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरगी इंजिनेर झाली, टावर बांधती, आन् आयशीच्या घराव धोंडं!"

टोमणा होता, पण खोटा नव्हता. मी ठरवलं, आई इथेच राहणार आणि या घराचं छप्पर मी बांधणार. तोवर आईला मामाकडे ठेवलं.

साइटवर मी दुसऱ्यांची कामं तपासायची. इथे सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. भिंतींच्या चारी कोपऱ्यांत पायापासून सळ्या वर आणून काँक्रीट भरलं. वाशांच्या जागी लोखंडी अँगल टाकले आणि ते त्या सळ्यांना जोडले. वडिलांच्या ओळखीचा रबाळ्याचा फॅब्रिकेटर आठवडाभर आमच्याकडे भाकरी खाऊन राहिला. पत्र्याला प्रत्येक अँगलवर हुक-बोल्ट घातला. पडवीची पश्चिमेची बाजू भिंत घालून बंद केली.

सगळं झाल्यावर आईने वर बघितलं. "धोंडं कधी ठेवायचं?"

"ठेवायचेच नाहीत."

"धोंडा डोळ्याला दिसतो, बये. तुपला बोल्ट मला खालून दिसत बी नाय."

मी शिडी लावली, तिचा डावा हात धरून तिला वर चढवलं आणि एकेक बोल्ट हलवून बघायला लावला. चार-पाच हलवून झाल्यावर म्हणाली, "बरं." पण धोंडे टाकू दिले नाहीत. अंगणाच्या कोपऱ्यात रचून ठेवले.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा वादळ आलं. सकाळीच आईचा फोन. "वारं सुटलंय. धोंडं चढवू का? तात्याला हाक मारते."

मी साइटवर होते. समोर क्रेन थांबवलेली. मला तिचा खांदा आठवला, आणि मागच्या वर्षीचा माझा शहाणपणा. बोल्ट मी स्वतः तपासले होते.

"एकसुद्धा नको. आणि आतच बस."

त्यानंतर गावाकडची लाइट गेली, मोबाइलचा टॉवर बंद पडला, फोन लागेना. वडील खोलीत येरझाऱ्या घालत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांच्या फोनवरून आईचा आवाज आला.

"पत्रा निस्ता वाजला गं. हलला नाय."

मागून तात्यांचा आवाज: "तिला इचार, मपल्या घराला कधी येती?"

दिवाळीनंतर तात्यांचं छप्पर झालं, नंतर आळीतली आणखी तीन. अंगणातल्या धोंड्यांचा आईने पाणी तापवायच्या चुलीला ओटा केला.

आई अजून तिच्याच घरात राहते. वर एकही धोंडा नाही.