शिवपूरच्या नऊ बायका

सेक्रेटरीने लादी पुसायचं फडकं आम्माच्या हातात दिलं आणि म्हणाला, "कपाळ पूस."

मुलुंडच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही नऊ जणी ओळीत उभ्या होतो. सगळ्या घरकामवाल्या. सकाळचे दहा वाजले होते. गाड्या धुणारे थांबून बघत होते. वर गॅलऱ्यांतही माणसं होती. आम्माने आधी फडकं पिळलं. हात तसेच चालतात तिचे. मग कपाळावरून फिरवलं. टिकली निघाली, मळकं पाणी भुवईवर आलं.

"आता नाव सांग. खरं."

"रहिमा."

अकरा वर्षं त्या बिल्डिंगमध्ये ती रेखा होती.

टिकली आम्ही गेटच्या अलीकडे लावायचो. घरी जाताना काढून गेटपासच्या मागे चिकटवायचो, उद्यासाठी. सातशे दोनच्या काकू दर संक्रांतीला आम्माला हळदीकुंकवाला बोलवायच्या. स्वतःच्या हाताने कुंकू लावायच्या. त्या दिवशी त्याही गॅलरीत होत्या. खाली आल्या नाहीत. वरूनच म्हणाल्या, "रेखा, तू आम्हाला फसवलंस गं."

आम्ही सापडलो ते माझ्यामुळे.

आम्मा चौदा वर्षांची असताना मामाबरोबर सीमेपलीकडून आली. मी घाटकोपरच्या डोंगरावर, झोपडीत, सुईणीच्या हातून जन्मले. नोंद कुठेच नाही. पालिकेच्या मराठी शाळेने सातवीपर्यंत ठेवून घेतलं. पुढे जन्माचा दाखला मागितला, तिथे शाळा संपली. वाचायची भूक राहिली. शेजारच्या सुनंदाताईकडे मोर्च्यांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी ते वाचून काढायचे. हक्क, माणूस, समता. मोठमोठे शब्द मला पाठ होते. आणि त्याच शब्दांच्या जोरावर मी गल्लीतल्या बायकांना खोटं बोलायला शिकवायचे.

कोणी गाव विचारलं तर काय सांगायचं? शाळेच्या नकाशात सीमेच्या अलीकडे मालदा जिल्हा होता. भारतातला. गावाचं नाव मी मनाने ठेवलं, शिवपूर. शेजारी नदी. नदीकाठी कालीमातेचं देऊळ. देवळासमोर वडाचं झाड. संध्याकाळी बायकांना बसवून घोकून घ्यायचे. चुकल्या की ओरडायचे. मला माझा अभिमान वाटायचा.

सोसायटीने नोटीस लावली, कामवाल्या बायकांची चौकशी होणार. सेक्रेटरीने पहिलीला गाव विचारलं. शिवपूर. दुसरीला. शिवपूर. नदी, देऊळ, वड. तिसरीनंतर तो हसायला लागला. "काय गाव आहे यार! पुरुष राहतात की नाही तिथे?" वॉचमनही हसले. नववी मी होते. मला काही विचारलंच नाही. मग त्याने फडकं मागवलं.

सोमवारपर्यंत कागद आणा, नाहीतर नावं पोलिसांत जातील, असं त्याने सांगितलं.

अशा वेळी काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं. भांडी गोणीत, गोणी टेम्पोत, आणि नवं उपनगर. या सोसायटीच्या आधी तीनदा आम्ही तसं केलं होतं. घरी आल्यावर मी गोणी काढली. आम्माने ती माझ्या हातातून घेतली आणि घडी करून परत ठेवली.

"मी भांडी घासली. चोरी केली नाही," ती म्हणाली. "सोमवारी मी रहिमा म्हणून जाणार. तू टिकली लावू नको."

"आम्मा, पकडतील."

"पकडू दे. ते फडकं पुन्हा कपाळाला नाही लावणार."

ते ऐकून मला लाज वाटली. एवढी पत्रकं वाचली मी. अंगठा उठवणारी आम्मा माझ्या पुढे निघून गेली होती.

रविवारी सगळ्या आमच्या घरी जमल्या. सुनंदाताईही आली. जालन्याकडची, बौद्ध, त्याच सोसायटीत स्वयंपाक करते. तिच्याकडे सगळे कागद आहेत. ती म्हणाली, "माझ्या आजीला जात विचारून पाणवठ्यावरून हाकलायचे. आता हे कागद विचारतायत. मी पण नाही दाखवणार, जा."

"ताई, तुझं काम जाईल."

"जाऊ दे ना. त्यांना तरी कुठे पोळ्या लाटता येतात."

पहिल्यांदा त्या घरात कोणी हसलं.

सोमवारी आम्ही दहा जणी उघड्या कपाळाने गेटवर गेलो. रजिस्टरमध्ये मी एकेकीचं खरं नाव लिहिलं. कागदाच्या रकान्यात प्रत्येकीपुढे एकच शब्द. नाही. सुनंदाताईपुढेही. मग आम्ही गेटसमोर खाली बसलो. वर कुकरच्या शिट्ट्या झाल्या नाहीत. तासाभराने पोलिसांची गाडी आली.

"बिनकागदाच्या कोण कोण?" साहेबाने विचारलं.

दहा जणी उठून उभ्या राहिल्या. तो सुनंदाताईला म्हणाला, "बाई, तुम्ही तर मराठी आहात."

"मग? लिहा ना माझं पण."

चौकीत संध्याकाळपर्यंत बसवलं, बोटांचे ठसे घेतले. आम्माला विचारलं, जन्म कुठला? ती शिवपूर म्हणाली नाही. खरं सांगितलं. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणून तिला ठेवून घेतलं. बाकीच्यांना, बोलावू तेव्हा या, म्हणून सोडलं.

आम्मा अजून आत आहे. कधी सीमेवर नेऊन सोडतील, सांगता येत नाही. रात्री जाग येते तेव्हा वाटतं, गोणी भरली असती तर ती आज माझ्या शेजारी निजली असती. हे खरं आहे. ते मी लपवणार नाही. पण मग ती रेखा असती.

दर सोमवारी आम्ही नऊ जणी चौकीसमोर बसतो. हाकलतात. पुन्हा बसतो. सुनंदाताई डबा आणते.

आम्माची तारीख लागेल तेव्हा मी कोर्टात जाऊन उभी राहणार आहे. गाव विचारतील. घाटकोपर, म्हणेन. कागद विचारतील. नाही, म्हणेन. ही बाई कोण, विचारतील. माझी आई, रहिमा. तिला न्यायचं असेल तर आधी माझं नाव लिहा.