नवऱ्याचं नाव इंग्रजीत

आमचे हे शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी घरी ट्यूशन घ्यायचे. नागपुरात बर्डीच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली की ती शाळा. मागच्या खोलीत मी, सासूबाई आणि स्टोव्ह. पोरांच्या ट्यूशनचं मला काही नव्हतं. पण कोराडीचं वीज केंद्र नवंनवं होतं, त्या सुमारास तिथल्या ऑफिसातली एक टायपिस्ट बाई यायला लागली. वरच्या पदासाठी तिला खात्याची परीक्षा द्यायची होती आणि इंग्रजी व्याकरण पार कच्चं होतं. पोरं गेली की हिचा तास सुरू व्हायचा.

मी जळायची. लपवू कशाला? नायलॉनची साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन "सर, सर" करत बसायची. आणि आमचे हे, भाजीत मीठ जास्त झालं तर दिवसभर तोंड फुगवणारे, तिने शंभरदा 'ही गो' म्हटलं तरी हसून म्हणायचे, "नाही बाई, ही असलं की गोज. पुन्हा म्हणा." मला जन्मात त्यांनी कोणती गोष्ट दोनदा समजावून सांगितली नव्हती. माझ्या वाट्याला एकच वाक्य होतं, "अवं, चहा मांड." तिच्या कपात मी आलं जरा जास्तच ठेचून घालायची, ठसका लागावा म्हणून. तर ती मेली म्हणायची, "वहिनी, चहा फक्कड झाला."

मी खापा गावची, सातवीपर्यंत शिकलेली. पण कान काही बहिरे नव्हते. पोळ्या लाटता लाटता पुढच्या खोलीतलं सगळं ऐकायची. ॲम, इज, आर. माय, युवर, हिज. ती अडखळली की इकडे माझ्या तोंडात उत्तर तयार असायचं, आणि तिला नाही आलं की असा आनंद व्हायचा म्हणून सांगू. एकच वाटायचं, यांनी एकदा माझ्याकडे वळून तसं शिकवावं, तसं कौतुकाने बघावं.

शेवटी एका संध्याकाळी चहाचे कप ठेवले आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसलेच. म्हटलं, "मले बी विचारा."

"काहून वं, आता मॅट्रिकले बसतं का?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

हे हसले. त्या दिवशी मूड बरा होता. मला झेपेल असं काहीतरी विचारावं म्हणून म्हणाले, "व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

मला सगळं समजलं. उत्तरही येत होतं. "माय हजबंड्स नेम इज" इथवर गाडी झोकात आली आणि थांबली. नाव कसं घेणार? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडे मानत. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. रेशनच्या दुकानात कोणी विचारलं तर मी मुकाट कार्ड पुढे करायची. त्यात समोर सासूबाई उभ्या. यांनाही कळायला हवं होतं, पण मास्तर ते मास्तर. "बोल ना, इज काय?"

टायपिस्ट बाईला वाटलं, मला येतच नाही. तिला माझी कीव आली. माझ्या हातावर हात ठेवून, लहान पोरीला सांगावं तसं तिने वाक्य सावकाश पुरं केलं. माय हजबंड्स नेम इज, आणि पुढे यांचं नाव, आडनावासकट. एकही चूक नाही.

"व्हेरी गुड," हे सवयीने म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिचा हात झटकला आणि अख्खं वाक्य म्हणून टाकलं. यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव, सगळं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. टायपिस्ट बाई पर्स सावरून उठली. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वाक्य बरोबर होतं, मला पक्कं ठाऊक होतं.

यांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "काही लाज आहे का तुले? नवऱ्याचं नाव असं घेते का कोणी?"