आशाबाईचा मँडरिन

खुशाल माहा लहान भाऊ. माय गेल्यावर मीच त्याले वाढवला, तो मले 'बाई' म्हणे. आम्ही ढिवर. बाप सिंदेवाहीकडच्या तलावात जाळं टाके, पण खुशाल चंद्रपुरात लोकाईच्या घरचे समुद्राच्या माशाईचे टँक सांभाळे. इथी समुद्र कुठी? हा पाण्यात मीठ मोजून टाके, सेहेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात पाणी गार ठेवे. अन् अशा माणसावर मासा मारल्याचा आळ! आजही आठवलं का माह्या अंगाची लाही होते.

ठेकेदाराची बायको आशाबाई, तिच्याकडे मँडरिन नावाचा मासा होता. बोटाएवढा, निळ्या अंगावर नारंगी रेघा, जशी कोणं रांगोळी काढली. खुशाल मले सांगे, "बाई, तिकडं समुद्रात तो प्रवाळाच्या खडकाईत राह्यते. दिवस बुडाला का बाहेर येते. दाणा टाकला त पाह्यत बी नाई, दगडावरचे जिते किडेच टिपते." म्हणून तो टँकातल्या दगडाईवर शेवाळ अन् बारके किडे राखून ठेवे.

मागच्या दिवाळीले आशाबाईनं भांडे घासले, फरशी घासली, अन् खुशालले न इचारता टँकातले दगडं काढून नळाखाली ब्रशनं लख्ख केले. साफसफाईच ना! किडे गेले धुवून. मासा महिन्याभरात वाळून मेला. तिनं भरल्या घरात पाहुण्याईसमोर खुशालले सुनावलं, "ढिवराले मासा खायाची अक्कल, पोसायची नाई." झालं! शहरातले बाकीचे टँकवाले त्याचा फोन उचलेनात.

खुशाल घरी बसून काचेच्या बरण्याईत किडे वाढवत राह्यला. मी मातर दात खाऊन वाट पाहत होती. म्हटलं, येशीन बाई, एक दिवस माह्याच दारात येशीन.

आलीच! यंदा लक्ष्मीपूजनाच्या सकाळी. नवा मँडरिन घेतला होता, त्याचंबी पोट पाठीले लागलं.

"खुशालभाऊ, काईतरी करा हो," म्हणे.

त्यानं लगेच बरणी उचलली. मी दारात आडवी झाली. "भाऊबीजेले तुह्या घरी तेच पाहुणे येतात ना? त्याईच्यासमोर बोल, का खुशालनं नाई, मी मारला मासा. मग भेटंल बरणी."

"बाई, मासा दोन दिवस नाई काढत," खुशाल म्हणे. "काऊन अशी करतेस?"

"माही शपथ हाय तुले. त्याच्या आधी बरणी नेली त माहं मेलं तोंड पाह्यशीन."

माही शपथ त्यानं कधी मोडली नाई. बरणी खाली ठेवली.

भाऊबीजेच्या दुपारी आम्ही तिच्या घरी गेलो, अन् आशाबाई बोलली. सगळ्याईसमोर, मान खाली घालून. खुशाल बरणी घेऊन आतल्या खोलीत टँकाकडं पळाला. मी समोरच्या खुर्चीवर बसून ऐकलं, अन् खोटं कायले सांगू, असं गोड लागलं का मी तिले म्हटलं, "मागच्याले ऐकू नाई आलं, पुन्हा बोल." ती पुन्हा बोलली.

घरी येऊन मी खुशालले पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. तो सारा वेळ माह्याकडं पाहत नव्हता. मग त्यानं खिशातून रुमाल काढला, ताटात ओवाळणीच्या जागी ठेवला अन् उघडला. आत मासा होता.

"बाई," तो म्हणे, "हा मातर आपण मारला."