कलम चौदाचा तलाव

हौदवाल्यांना सगळं येत होतं, फक्त पैसे मागता येत नव्हते. खड्डा किती खोल खणावा, पंप कुठला टिकेल, हे त्यांनाच विचारावं. चोवीस वर्षांत लोकांच्या अंगणांत त्यांनी एकतीस पोहण्याचे तलाव बांधले आणि त्यांतला एकही गळला नाही. गळायचा तो शेवटचा हप्ता. मालक "जरा बघू" म्हणाला की हे मान हलवायचे आणि वर आपणच "काही घाई नाही" म्हणून चप्पल घालायचे. अशा माणसाला काय म्हणावं? बायको जे म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या वेळी मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. कलमसाहेबांच्या तलावाचे आधीचे हप्ते सिमेंट, फरशा आणि मजुरीत गेले होते. नफा म्हणून जो काय होता तो सगळा शेवटच्या हप्त्यात. मेहुण्याने तर आपल्या फरशीच्या दुकानात खुर्ची मोकळी करूनच ठेवली होती. "भाऊजी, हेही पैसे बुडाले तर धंदा बंद करा आणि आमच्या गल्ल्यावर या," असं तो फार प्रेमाने सांगायचा. ते प्रेम ऐकलं की हौदवाले चहा अर्धाच टाकून निघायचे.

कलमसाहेब विमा कंपनीतून निवृत्त झालेले. हे नाव हौदवाल्यांच्या बायकोने ठेवलेलं. अकरा पानी करारपत्र त्यांनी स्वतः टाइप केलं होतं आणि हौदवाल्यांनी ते न वाचताच सही ठोकली होती, कारण चहा निवत होता. साहेबांनी काम समाधानकारक झाल्याचा दाखला दिला, की मग शेवटचा हप्ता. आता समाधान ही काय माणसाला सहज होणारी गोष्ट आहे? तीन महिने साहेब रोज सकाळी तलावात चाळीस फेऱ्या मारत, अंग पुसत आणि त्रुटींचं पत्र लिहीत. पत्र सहावं: उथळ बाजूची एक फरशी किंचित फिकट आहे. पत्र नववं: पंपाचा आवाज उदास वाटतो. पत्र अकरावं: दुपारी पाणी गरजेपेक्षा जास्त निळं दिसतं. हौदवाल्यांनी फरशी बदलली, पंपाखाली रबर घातलं. दुपारपुढे त्यांचं काही चाललं नाही.

बायको छापखान्यात प्रुफं तपासायची. शेवटी एका संध्याकाळी तिनेच ती अकरा पानं पुढ्यात ओढली. नवव्या पानावर तिची पेन्सिल थांबली.

"अहो, हे ऐका. कलम चौदा. दाखला मिळेपर्यंत तलाव ठेकेदाराच्या ताब्यात राहील आणि तिथे काही झाल्यास जबाबदारी त्याचीच."

"म्हणजे कुणी घसरून पडलं तर माझ्याच गळ्यात. साहेब हुशार आहेत."

"पडणाऱ्याचं राहू द्या. ताबा कुणाचा?"

"माझा," हौदवाले चाचरत म्हणाले.

"मग रविवारी आपण पोहायला जातोय."

रविवारी आठ वाजता साहेबांच्या फाटकाशी पिकअप थांबली. आतून बायको, सासूबाई, मेहुणा, त्याची बायको, त्यांची तीन मुलं, दोन फरशीवाले कारागीर आणि ट्रॅक्टरची एक फुगवलेली ट्यूब उतरली. टॉवेल गुंडाळून चाळीस फेऱ्यांना निघालेले साहेब जागीच थबकले.

"हा काय प्रकार आहे?"

बायकोने नववं पान पुढे केलं. "तुमचंच कलम आहे, साहेब. एकही चूक नाही त्यात, मी तपासलंय. तुम्हाला पोहायचं असेल तर आमची हरकत नाही. फक्त ह्यांना आधी विचारा."

साहेबांनी स्वतःचं कलम दोनदा वाचलं आणि विचारायला लागू नये म्हणून खुर्चीवर जाऊन बसले. सासूबाई ट्यूबमध्ये अशा काही बसल्या की तलावाचं पाणी काठावरून फरसबंदीवर आलं. हौदवाले लाजून कोपऱ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले.

पुढच्या रविवारी शेजारची दोन घरंही आली. बायकोने सगळ्यांना आत घेतलं. साहेबांच्या फेऱ्या सलग दुसऱ्या रविवारी चुकल्या. दुपारी ते दाखला आणि चेकबुक घेऊन काठावर आले.

"घ्या, हा दाखला. मात्र पाच हजार कापतोय. तिसरी पायरी जराशी तिरकी आहे."

"चालेल, साहेब," हे शब्द हौदवाल्यांच्या जिभेवर येऊन बसलेही होते. चोवीस वर्षं ते तिथेच राहायला होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मुद्दामच दुसरीकडे बघत होती. मेहुणा मात्र त्यांच्याचकडे पाहत होता, प्रेमाने.

"तिरकी असेल तर पैसे कापू नका, साहेब," हौदवाले म्हणाले. "पायरी फोडून नवीन करतो. दोन रविवार लागतील. तोवर दाखलाही ठेवा तुमच्याकडेच."

तेवढ्यात सासूबाईंनी पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.

साहेबांनी खाली बसून, मांडीवर चेकबुक ठेवून, पूर्ण रकमेचा चेक लिहिला. हौदवाल्यांचे हात ओले, म्हणून तो बायकोने घेतला, अंकी आणि अक्षरी रक्कम ताडून पाहिली आणि मान डोलावली.

मग तिचं नवऱ्याकडे लक्ष गेलं. ते शिडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते आणि चेक हातात आला तरी बाहेर यायचं नाव घेत नव्हते.

"अहो, काय होतंय? थंडी वाजली का?"

"नाही गं," ते हळूच म्हणाले. "मी मागितले."