सील शाबूत आहे

माझे दाजी सीमेवरच्या हालचाली टिपणाऱ्या रडारवर बावीस वर्षं तंत्रज्ञ होते. तंत्रज्ञ म्हणजे काय, तर यंत्राचं कपाट बाहेरून पुसायचं, त्यावरचं परदेशी साहेबांचं सील बघायचं आणि वहीत लिहायचं, ‘सील शाबूत आहे.’ कपाट उघडायचा हक्क फक्त त्या साहेबांना. करारच तसा होता. याची लाज वाटायची सोडून दाजी लग्नकार्यात कॉलर ताठ करून सांगायचे, “आपल्याला तिकडचे लोक नावानिशी ओळखतात!” मी पंखे आणि मोटारी दुरुस्त करतो. मला ते चारचौघांत वायरमन म्हणायचे.

गेल्या वर्षी करार संपला आणि साहेब लोक सामान बांधून चालते झाले. मंत्र्यांनी भाषण ठोकलं की आता आपलं रक्षण आपणच करणार. सील मात्र कुणी काढलं नाही. जुने परत येतात की नवे कुणी येतात, हे ठरेपर्यंत कशालाही हात लावू नका, असा वरून हुकूम आला. दाजींना तो फारच पटला.

मग एका सोमवारी रडारचा पडदा काळा झाला.

त्या पडद्यावर जी टेकडी दिसायची, तिच्या पायथ्याच्या चौकीत दाजींचा एकुलता एक मुलगा शिपाई होता. ताईने मला तातडीने बोलावून घेतलं.

“दाजी, उघडा ते कपाट,” मी म्हटलं. “मी येतो, दोघं मिळून बघू.”

“पंखा आहे का तो?” दाजी खेकसले. “उद्या साहेब परत आले तर कुठल्या तोंडाने समोर जाऊ?”

“अहो, पोरगं आहे तिथे!” ताई रडायला लागली.

“फोन लावतोय ना त्यांना.”

देश सोडून गेलेल्या माणसांना हे गृहस्थ तीन दिवस फोन लावत बसले. पलीकडे नुसती घंटी वाजायची. मला त्यांची किळस आली, आजही येते.

गुरुवारी सकाळी टेकडीवरून चौकीवर हल्ला झाला. भाचा वाचला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

महिन्याभरात नवे मित्र आले. देश दुसरा, भाषा दुसरी, मिजास तीच. त्यांच्या इंजिनिअरने सील टरकन फाडलं, आतला जळका फ्यूज काढून नवा बसवला आणि पडदा उजळला. तसले फ्यूज माझ्या दुकानात डबाभर पडलेले असतात. मग त्याने स्वतःच्या देशाचं सील चिकटवलं. तेवढा वेळ उजेडासाठी बॅटरी दाजींनी धरली होती. हे सगळं त्यांनी आम्हाला घरी बसून कौतुकाने सांगितलं.

भाचा कुबड्या टेकवून समोर बसला होता. त्याने शांतपणे विचारलं, “बाबा, पुन्हा बंद पडलं तर उघडाल?”

दाजी खरोखर विचार करत होते.

“नव्या करारात काय लिहिलंय, ते बघावं लागेल,” ते म्हणाले.

“मामा, मला तुझ्याकडे घेऊन चल,” भाचा म्हणाला.

ताई उठली. तिने त्याची पिशवी भरली आणि मग स्वतःची भरायला घेतली.